सायनसची डोकेदुखी: घरच्या उपायाला पैसे किती, गुण किती?

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीत २००६ साली बिडी कामगार बायकांसाठी १०,००० घरांची कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. बिड्या वळताना तंबाखूची धूळ नाकाला झोंबते, नाक चोंदतं, कपाळ जड होतं. मग ‘सायनस झालाय’ म्हणत सहाणेवर सुंठ उगाळली जाते. बिडीच्या मजुरीवर घर चालवायचं तर औषधाचा रुपयाही पारखूनच सोडावा लागतो. (खालचे भाव अंदाजे आहेत, दुकानागणिक फरक पडेल.)

सगळ्यात स्वस्त आणि त्यातल्या त्यात भरवशाचं म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं. मिठाचा पुडा २५-३० रुपयांना येतो आणि महिनोन् महिने पुरतो. त्यासाठीचं प्लॅस्टिकचं नेतीपात्र १०० ते २०० रुपयांत मिळतं. तांब्याचं महाग, पण गुण तोच. अर्धा लिटर पाण्याला सपाट छोटा चमचाभर मीठ घालायचं. पाणी मात्र खळखळून उकळून कोमट केलेलंच हवं. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ साली नळाच्या पाण्याने नाक धुतल्यामुळे अमीबाचा संसर्ग मेंदूपर्यंत गेला आणि दोघे दगावले. उकळायला लागणाऱ्या गॅसची काटकसर इथे नको.

इंग्लंडमध्ये वारंवार सायनसचा त्रास होणाऱ्या ८७१ रुग्णांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. नाक धुणाऱ्यांना थोडा आराम पडला. वाफ घेणाऱ्यांची डोकेदुखी तेवढी उतरली, बाकी तक्रारी जशाच्या तशा राहिल्या. म्हणून वाफाऱ्यासाठी ३००-४०० रुपयांचं यंत्र घ्यायची गरज नाही, पातेलं आणि टॉवेल पुरे. लहान मुलांना मात्र वाफेजवळ नेऊच नका; पातेलं कलंडून पोरं भाजतात.

निलगिरी तेलाची छोटी बाटली ६० ते १०० रुपये. जर्मनीत त्यातल्या सिनिओल या घटकाच्या कॅप्सूल देऊन १५२ रुग्णांवर चाचणी झाली आणि गुण दिसला. पण त्या मोजून केलेल्या कॅप्सूल होत्या, रुमालावरचे थेंब नव्हेत. पुदिन्याच्या अर्काने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात आतली वाट तेवढीच अरुंद असते. तरी तेवढ्याने झोप लागत असेल तर पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. निलगिरी तेल आणि कापूर पोटात गेले तर मुलांना झटके येऊ शकतात. दोन्ही फडताळात वरच्या कप्प्यात ठेवा.

सुंठीचा लेप, तव्यावर शेकलेल्या ओव्याची पुरचुंडी, हळद-दूध हे सगळं ३०-४० रुपयांत होतं. शेकाने बरं वाटतं, पण सायनस बरा होतो असा ठोस पुरावा नाही. लेपाने कातडी भाजल्यासारखी झाली तर लगेच धुऊन टाका.

खरी मेख निदानात आहे. अमेरिकेत ‘मला सायनसची डोकेदुखी आहे’ म्हणणाऱ्या २,९९१ जणांना २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलं, तर ८८ टक्के जणांचं दुखणं अर्धशिशीच्या जातीचं निघालं. उजेड सहन होत नसेल, मळमळत असेल, डोकं ठणकत असेल आणि नाकातून पिवळा-हिरवा स्राव नसेल, तर वाफारे घेत बसण्यापेक्षा अर्धशिशीचं औषध विचारा. साध्या सर्दीच्या डोकेदुखीला सीटी स्कॅनची गरज नसते, त्यात हजार-दोन हजार सहज जातात. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने घेऊ नका. बहुतेक सर्दी-सायनस विषाणूमुळे होतो, त्यावर त्या चालत नाहीत.

दहा दिवसांत उतार नसेल किंवा बरं वाटून पुन्हा बिघडलं, तर डॉक्टरांना दाखवा. डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, मान आखडणं, तीव्र ताप किंवा कधी नव्हे इतकी अचानक उठलेली कळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुंभारीतच अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत.