व्यसनावर पीएचडी करतेस, तर ऐक

व्यसनाचा विषय घेतलास, मला फार आनंद झाला. समाजकार्यात या कामाला ऐकून घेणारी माणसं कमीच पडतात. सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी मात्र माझं थोडं ऐक, पोरी.

पिणाऱ्यावर पुष्कळांनी लिहिलंय. तू त्याच्या घरावर लिही. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात दारू पिणारे १६ कोटी निघाले, त्यापायी मदतीची गरज असलेले ५.७ कोटी. त्यांच्या बायका, आया, पोरं या आकड्यात धरलेली नाहीत. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं. पिणाऱ्यांच्या पत्नींसाठी तिथे ‘सहचरी’ गट आहे. अशा एखाद्या गटात परवानगी काढून आधी नुसती बसायला जा. वही-पेन पिशवीतच राहू दे. पगाराच्या दिवशी गेटावर कोण उभं राहतं, दुकानदाराची उधारी कोण फेडतं, पोराला शाळेत काय सांगायचं हे कोण ठरवतं, हे कानावर पडू दे. मग टॉपिक ठरव, आणि तो लहान ठेव.

बाईची मुलाखत तिच्या घरात, नवरा किंवा सासू आसपास असताना घेऊ नकोस. वेळ आणि जागा तिलाच ठरवू दे. ती मारहाणीचं सांगेल, हे धरूनच चाल. त्या दिवशी फक्त टिपून घेऊन परत येऊ नकोस. तालुक्याची संरक्षण अधिकारी कोण, १८१ वर काय मदत मिळते, जवळचं समुपदेशन केंद्र कुठे, हे कामाला लागण्याआधीच माहीत करून घे. एथिक्स कमिटीच्या फॉर्मवर हे लिहावं लागतंच, पण तू ते मनापासून कर.

पिणाऱ्याशीही बोलावं लागेलच. दारू सुटण्याच्या पहिल्या दिवसांत त्याचे हात कापतात, झोप उडते, कुणाला भास होतात. तेव्हाच्या सहीला संमती म्हणू नये. आणि केंद्रातून घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी तो समुपदेशकाला आवडेल तेच बोलतो. त्याला घरी गेल्यावर काही महिन्यांनी भेट, आणि तेव्हा नव्याने विचार, “बोलायचंय ना?”

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली तू वापरशीलच. त्यात एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक किती वेळा होतात, असा प्रश्न आहे. तो म्हणेल, “छे, मी फक्त एक क्वार्टर घेतो.” एक ड्रिंक म्हणजे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धर. मग ४२.८ टक्क्यांच्या बाटलीतले तीस मिली म्हणजे एक ड्रिंक झालं, आणि १८० मिलीची क्वार्टर म्हणजे पुरे सहा. हा हिशेब पाठ कर. मोहाच्या दारूवर तर लेबलच नसतं. तिथे ग्लास दाखवायला सांग, मिली मोज, आणि अंदाज तो अंदाज असंच प्रबंधात लिही.

गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. तिथे पितो म्हणणारा माणूस तुझ्यासमोर गुन्हा कबूल करत असतो. गर्द ओढणाऱ्याचंही तेच. पोलिसांनी वही मागितली तर तुझ्या गोपनीयतेच्या शब्दाने ती वाचणार नाही. म्हणून वहीत खरं नाव, गाव, मोबाइल नंबर काहीच नको. सांकेतिक क्रमांकांची यादी वेगळ्या जागी, कुलपात.

गाईड निवडताना मोठं नाव बघू नकोस, मसुदा वाचून वेळेवर परत देणारा माणूस बघ. त्याच्या हाताखाली आधी काम केलेल्यांना विचार, ते खरं सांगतात. २०२२च्या यूजीसी नियमांनुसार कोर्सवर्क धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात; बाईमाणसाला आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. गरज पडली तर ती बिनसंकोच घे.

ज्यांच्या घरात हे घडलंय त्यांना या विषयाची ओढ जास्त असते, तुझ्या घरातलं मला माहीत आहे. म्हणून फील्डवर जाताना एखाद्या अनुभवी समुपदेशकाकडे ठरलेल्या वेळी बोलायला जात जा. मुलाखतीनंतर रात्री झोप लागेनाशी झाली तर पुढची मुलाखत आठवडाभर पुढे ढकल. गाईडला कळव, कारण सांगायला संकोचू नकोस.

प्रबंध जमा झाला की त्यातली पंधरा-वीस पानं सोप्या मराठीत लिहून काढ आणि त्या गटातल्या बायकांना स्वतः वाचून दाखव. एखादी म्हणेल, “हे असं नव्हतं.” तिचं म्हणणं लिहून घे आणि व्हायवाला जाताना ते कागद बरोबर ने.