गाडी धड दिसते, पण धड आहे का?

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात आसगाव हे धानाच्या शेतीतले गाव आहे. याच तालुक्याच्या अंगाला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. ते २०१२ साली घोषित झाले. जंगल कोठे संपते आणि धानाची बांधी कोठे सुरू होते, हे नकाशावर रेघ ओढून सांगता येते. पण रानातल्या जनावरांना ती रेघ दिसत नाही. दिवस मावळला की रोही आणि रानडुकरे पिकाकडे निघतात आणि वाटेत त्यांना डांबरी रस्ता ओलांडावा लागतो. (रोही म्हणजे तुमच्या पुस्तकातली नीलगाय. आपल्याकडे मात्र ‘रोही’ म्हटल्याशिवाय कोणाला कळत नाही.)

समजा, अशा रस्त्याने एक मोटार रात्री चालली आहे. अचानक रोही आडवा येतो. ब्रेक लागतो, पण उशिरा. मोठा आवाज होतो. रोही धडपडत उठतो आणि अंधारात नाहीसा होतो. मंडळी खाली उतरून विजेरीच्या उजेडात पाहतात. बंपरवर एक ओरखडा, थोडे केस चिकटलेले, बाकी सारे जागच्या जागी. ‘काही झाले नाही, चला’ असे म्हणून सगळे परत गाडीत बसतात.

खरोखर काही झाले नाही काय? पदार्थविज्ञान याचे काय उत्तर देते, ते पाहू.

मोटारीचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम धरा. लहान मोटारी साधारण एवढ्याच असतात. वेग ताशी ६० कि.मी., म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. पूर्ण वाढलेला रोही २०० किलोग्रॅमचा धरू आणि तो रस्त्यात थबकला आहे असे समजू. टकरीनंतर क्षणभर दोघे एकत्रच पुढे जातात. संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम तुम्हांला माहीत आहे. टकरीपूर्वीचा संवेग १,००० × १६.७ = १६,७००. टकरीनंतर तोच संवेग १,२०० किलोग्रॅममध्ये वाटला जातो. म्हणून दोघांचा मिळून वेग सेकंदाला १३.९ मीटर, म्हणजे ताशी ५० कि.मी. होतो.

गाडीचा वेग फक्त १० ने कमी झाला. यात विशेष काय, असे तुम्ही म्हणाल. पण आता गतिज ऊर्जेचा हिशेब करा. आधीची ऊर्जा सुमारे १,३९,००० ज्यूल, नंतरची सुमारे १,१६,००० ज्यूल. मधले २३,००० ज्यूल कोठे गेले? संवेग टिकला, पण गतिज ऊर्जा टिकली नाही. ती जनावराची हाडे मोडण्यात, पत्रा वाकवण्यात, आवाजात आणि उष्णतेत खर्च झाली. हीच मोटार उचलून किती उंचीवर नेली असती तर एवढी ऊर्जा लागली असती? २३,००० ला १,००० × ९.८ ने भागा. उत्तर येते सुमारे २.३ मीटर. घराच्या दाराच्या चौकटीहून जास्त उंचीवरून मोटार नाकावर पाडली, तर जेवढी ऊर्जा मोकळी होईल तेवढी येथे एका ओरखड्यामागे दडली आहे. त्यातली पुष्कळशी त्या बिचाऱ्या जनावराच्या अंगात गेली, हे खरे. पण सगळी नाही.

जनावर उठून चालते झाले, यावरूनही धक्का किरकोळ होता असे ठरवता येत नाही. १० ऑगस्ट २०२३ च्या रात्री गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एका तरुण वाघाला मोटारीची धडक बसली. (गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता.) हे ठिकाण नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातले. तो वाघ रस्त्यावरून स्वतःला ओढत जंगलात गेला. दुसऱ्या दिवशी उपचारासाठी नागपूरला नेत असताना तो मेला.

आता मोटारीकडे वळू. बंपरवर नुसता ओरखडाच का दिसतो? एक प्लास्टिकची पट्टी घ्या आणि एक बारीक लोखंडी तार घ्या. दोन्ही सारख्याच वाकवा आणि सोडून द्या. पट्टी पुन्हा सरळ होते, तार वाकलेलीच राहते. प्रत्येक पदार्थाला स्थितिस्थापकतेची मर्यादा असते. ती ओलांडली की पदार्थ मूळच्या आकारात परत येत नाही. हल्लीच्या मोटारीचा बंपर म्हणून आपण जे पाहतो, ते प्लास्टिकचे आवरण असते. ते पुष्कळ आत दबून पुन्हा बाहेर येऊ शकते. त्याच्या आत लोखंडी पट्टी असते, तिच्यामागे एअर कंडिशनरची जाळी, मग रेडिएटर, मग पंखा. लहान गाड्यांत या सगळ्यांमध्ये काही बोटांचेच अंतर असते. बंपर आठ-दहा सेंटिमीटर आत जाऊन परत आला, तर त्याच्यामागची लोखंडी पट्टी तारेसारखी वाकलेलीच राहणार. पडदा पुन्हा सरळ झाला म्हणून मागची भांडी फुटली नाहीत असे होत नाही.

एअरबॅग उघडली नाही, यावरूनही लोक निश्चिंत होतात. पण एअरबॅगचे यंत्र पत्रा वाकला की नाही हे पाहत नसते. गाडीचा वेग किती झपाट्याने कमी झाला एवढेच ते मोजते. आपल्या उदाहरणात वेग ताशी १० कि.मी.ने घटला, तोही मऊ शरीरावर आदळल्यामुळे किंचित लांबलेल्या काळात. तेवढ्याने एअरबॅग बहुधा उघडणारही नाही. ती माणसांसाठी असते, रेडिएटरसाठी नव्हे.

मग नुकसान शोधायचे कोठे? ते जनावराच्या उंचीवर अवलंबून आहे. एक उंच बाटली टेबलावर उभी करा (काचेची नको). पट्टीने तिच्या तळाशी झटकन फटका मारा. बाटली पट्टीच्या दिशेने, म्हणजे तुमच्याकडे पडते. गुरुत्वमध्याच्या खाली धक्का बसला की पाय पुढे सरकतात आणि वरचे धड मागे राहते. रोह्याचे असेच होते. त्याचे पाय लांब आणि बारीक, खांदा सव्वा ते दीड मीटर उंच. बंपर पायांना लागतो आणि सारे धड बोनेटवर, तेथून समोरच्या काचेवर येते. रानडुक्कर मात्र ठेंगणे आणि भरीव. ते बंपरच्या खालच्या भागावर आपटते आणि पुष्कळदा गाडीखाली जाते. म्हणून रोही असेल तर बोनेट, त्याचे लॉक, काच, काचेच्या बाजूचे खांब आणि छताची पुढची कड तपासावी; डुक्कर असेल तर रेडिएटरचा तळ, इंजिनाचे ऑइल चेंबर, ब्रेकच्या नळ्या आणि वायरी. कशाशी टक्कर झाली हे मेकॅनिकला आधी सांगितले, तर त्याचा अर्धा वेळ वाचतो.

स्वीडनमध्ये एल्क नावाचे प्रचंड हरिण असते आणि तेही असेच लांब पायांचे. माग्नुस येन्स या अभियंत्याने टकरीच्या चाचण्यांसाठी रबराच्या चकत्यांचा साडेतीनशे किलोहून जड नकली एल्क तयार केला आणि त्यावर खऱ्या मोटारी आदळवून पाहिल्या. या कामासाठी त्याला २०२२ साली इग्नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळाले. हसू येते खरे, पण आपल्या रोह्याचा असा पुतळा कोणी केला तर मला तो हवाच आहे.

रस्त्यावर करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. गाडी कडेला घ्या, चारही बाजूंचे लुकलुकणारे दिवे लावा. जखमी जनावराच्या जवळ जाऊ नका. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मेलेला वन्य प्राणी उचलून नेणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. इंजिन बंद करून पाच मिनिटे थांबा आणि गाडीखाली पाहा. स्वच्छ पाणी टिपकत असेल, तर ते एअर कंडिशनरचे असू शकते. हिरवे, गुलाबी किंवा निळे पाणी असेल, तर ते कूलंट आहे आणि रेडिएटर फुटला आहे.

या कूलंटबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण बहुतेक इंजिने येथेच जळतात. रेडिएटरचे झाकण आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एक वातावरणाने जास्त ठेवते. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, हे तुम्ही प्रेशर कुकरमध्ये पाहिलेच आहे. एवढ्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. रेडिएटरला केसाएवढी चीर पडली की दाब जातो आणि १०० च्या आसपासच पाणी उकळू लागते. आता गंमत पाहा. तापमान दाखवणारा काटा ज्या संवेदकावर चालतो, तो पाण्यात बुडालेला असेल तरच बरोबर सांगतो. पाणी निघून गेले की तो वाफेत उघडा पडतो आणि कधी कधी काटा वर जाण्याऐवजी खाली येतो! चालक समजतो, इंजिन थंड झाले. म्हणून टकरीनंतर काट्यावर विसंबू नका. कूलंटच्या प्लास्टिक डब्यातील पातळी पाहा. आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. दाब सुटताच आतले पाणी एकदम उकळून अंगावर येते.

ब्रेकचे पॅडल दाबून धरा. ते हळूहळू खाली जात राहिले, तर तेल कोठेतरी गळते आहे. पास्कलचा नियम बंद भांड्यालाच लागू पडतो. अशी गाडी जागची हलवू नये. बोनेटचे लॉक नीट बसले आहे ना, हेही उचलून पाहा. अर्धवट अडकलेले बोनेट वेगात वाऱ्याने उघडून काचेवर येते.

उरलेली तपासणी दुसऱ्या दिवशी उजेडात करावी. तीत तुम्ही मोठ्यांना चांगली मदत करू शकता, कारण तिला लागते फक्त भूमिती. आयताचे दोन्ही कर्ण समान असतात, हे प्रमेय डेंटिंगचे काम करणारे मिस्त्री रोज वापरतात. बोनेट उघडा. मोजपट्टीने उजव्या मागच्या बिजागरीपासून डाव्या पुढच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर मोजा, मग त्याच्या उलटे. दोन्ही बाजूंना एकसारखेच बोल्ट निवडा. दोन कर्णांत सेंटिमीटरभर फरक आला, तर चौकट तिरकी झाली आहे. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतरही दोन्ही बाजूंना मोजा. चाके सरळ ठेवायला विसरू नका. (रेनो ४ या जुन्या फ्रेंच गाडीत ही दोन अंतरे मुळातच सुमारे पाच सेंटिमीटरने वेगळी होती. पण तशी गाडी तुमच्या दारात असण्याचा संभव कमी!) बोनेट आणि मडगार्ड यांच्यामधील फटीत पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून पाहा. डावीकडे चार तुकडे मावतात आणि उजवीकडे दोनच, तर काहीतरी सरकले आहे.

दिव्यांची तपासणी रात्री करावी. सपाट जागी गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. दिवा एका अंशाने कलला, तर भिंतीवर प्रकाशाची कड सुमारे ९ सेंटिमीटर सरकते. रस्त्यावर ५० मीटर पुढे तोच फरक जवळजवळ ९० सेंटिमीटरचा होतो. म्हणजे समोरच्या सायकलवाल्याच्या डोळ्यांवर उजेड आणि खड्ड्यावर अंधार. गाडी धड आहे तोवरच भिंतीवर खडूने दोन्ही दिव्यांच्या खुणा करून ठेवल्या, तर पुढे तुलना करता येते. टायरच्या बाजूला फुगा आला आहे का, तेही पाहा. आतील दोरे तुटल्याची ती खूण आहे. सरळ रस्त्यावर गाडी चालत असताना स्टिअरिंग तिरके राहत असेल, तर चाकांची जोडणी वाकली आहे. रेडिएटरच्या पात्यांत केस अडकलेले असतील, तर हातमोजे घालून काढावेत. मात्र आधी त्यांचे छायाचित्र घ्या: केस जेथपर्यंत पोहोचले, तेथपर्यंत जनावर पोहोचले होते. विमा कंपनीलाही ते दाखवता येते.

दोन धोक्याच्या सूचना. जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालू नका. आणि गाडी विजेची असेल, तर नारिंगी रंगाच्या जाड तारांना मोठ्यांनीही हात लावू नये. त्यांत शेकडो व्होल्ट दाब असतो. नव्या गाड्यांत बंपरमागे किंवा काचेमागे समोरचा अडथळा ओळखणारे रडार वा कॅमेरा असतो. तो किंचितही फिरला तर चुकीची दिशा पाहतो, आणि हे भिंतीवर कळत नाही. त्यासाठी कंपनीचे वर्कशॉपच गाठावे लागते.

आता वहीत दोन गणिते करा. त्याच मोटारीचा वेग ताशी ४० कि.मी. असता, तर रोह्याच्या टकरीत किती ऊर्जा खर्च झाली असती? (उत्तर: सुमारे १०,३०० ज्यूल.) आणि ताशी ६० कि.मी. वेगाने रोह्याऐवजी ५०० किलोग्रॅमची म्हैस आडवी आली तर? (उत्तर: सुमारे ४६,००० ज्यूल, आणि टकरीनंतरचा वेग ताशी ४० कि.मी.)