खराद शिकायचा तर आधी धार शिका

जिन्याच्या कठड्याचे कातीव खांब, पलंगाचे पाय, पाट-चौरंगाचे पाय यांना अलिबागेत गिऱ्हाईक आहे. सुतार हे नग बाहेरून करून आणतो तेव्हा त्यातली मजुरी दुसऱ्याच्या घरी जाते. हजरत जकरिया (अलै.) सुतार होते, ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. तेव्हा या हुन्नरात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मुलाला खरादाच्या वर्गात जरूर घाला, पण फी भरण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा. एका लेथवर किती मुले, आणि सहाणेवर हत्यार मुलगा स्वतः लावतो की उस्ताद लावून देतात?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. पटाशीला धार असेल तर लाकडाचे लांब सालपट निघते, बोथट असेल तर नुसता भुसा उडतो. मग मुलगा जोर लावतो, हत्यार अडकते आणि नग फुटतो. रीत अशी की, आधी पटाशी टेकणीवर ठेवावी, तिचा ढाळ फिरत्या लाकडाला टेकवावा, मग मूठ हळूहळू उचलावी म्हणजे धार आपोआप कापू लागते. खांब कातताना जाड भागाकडून बारीक भागाकडे यावे, उलट गेल्यास रेषा उचकटतात. यंत्र सुरू करण्याआधी लाकूड हाताने एकदा फिरवून पाहावे. टेकणी सरकवायची तर यंत्र बंद करूनच.

आता कापडवाला म्हणून एक सांगतो. सैल बाह्यांचा कुर्ता, रुमाल, ओढणी खरादाजवळ नको. पॉलिशसाठी फिरत्या नगाला कापड लावू नये, बोटाला गुंडाळून तर मुळीच नाही. कापड तुटत नाही, बोटाला ओढून नेते. कागद फाटतो, म्हणून तो बरा.

रंगकामाची रीत कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांत पाहावी. तिथल्या या धंद्याची सुरुवात टिपू सुलतानांच्या काळाशी जोडतात. फिरत्या नगावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते, मग केवड्याच्या पानाने चकाकी आणतात. आपल्या कोकणात सावंतवाडीलाही लाखकामाची परंपरा आहे आणि केवडा तर आपल्याच किनाऱ्यावर उगवतो.

वर्गात पहिल्याच आठवड्यात एखादी सुबक वाटी झाली म्हणून घरचे खूष होतात. व्यापाऱ्याला ती वाटी नको असते. पलंगाला चार पाय लागतात आणि चारही एकसारखे लागतात. म्हणून पुठ्ठ्याचा साचा कापून, कॅलिपर लावून, एकाच मापाचे चार नग मुलाकडून करून घ्या. ते शेजारी शेजारी उभे करून पाहा, मगच ऑर्डर घ्या.