सुरणाची खाज आणि सुरणाचा गुण

बाय, भाजीवाल्याकडे सुरणाचा गड्डा दिसला की तू पुढे निघून जातेस, हे मी पाहिलंय. हात खाजतील, घसा धरेल, मुलं ताटाला हात लावणार नाहीत, अशी तुला धास्ती वाटते. ती खोटी नाही. पण आपल्या कोकणात तिच्यावरचा इलाज प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक होता, आणि तो ठाऊक असणाऱ्या बायका आता कमी होत चालल्या आहेत. म्हणून सांगते. माझ्या सासूबाईंनी मला हातात विळी देऊन जे शिकवलं ते, आणि पुढे शाळेत विज्ञान शिकवताना त्यामागचं जे कारण उमगलं ते, दोन्ही सांगते. सुरणाचा गुण अंगी लागायचा तर आधी त्याची खाज काढता आली पाहिजे. ज्याला ती काढता येत नाही त्याने सुरणाच्या औषधी गुणांच्या गोष्टी करू नयेत.

आधी घेताना काय बघायचं ते ऐक. गड्डा हातात घेतला की आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. अंगठ्याने चारी बाजूंनी दाबून बघ. कुठे मऊ लागला, ओल आली असेल, बुरशीचा वास येत असेल तर घेऊ नकोस. वर माती सुकलेली असावी. मधला डोळा फुटून कोंब वर आलेला नको. शहरात पाव-अर्धा किलोची कापलेली फोड मिळते, तेव्हा आतला रंग दिसतो. गजेंद्र नावाची जात आता सगळीकडे लावतात. ती आंध्रातून आली, तिचा गर फिकट नारिंगी असतो आणि ती फारशी खाजत नाही. पहिल्यांदा करणार असशील तर भाजीवाल्याला विचारून हीच घे. गावठी सुरण जास्त खाजरा, पण चवीला मला तोच आवडतो. खणून काढलेला गड्डा लगेच चिरायचा नाही. सासूबाई तो माळ्यावर कोरड्या जागी काही आठवडे तसाच ठेवत. माती धुवायची नाही, धुतला की कुजतो.

आता चिरणं. इथेच सगळ्या चुकतात. हात कोरडे हवेत. तळहाताला, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटापर्यंत खोबरेल तेल चोळ. हातमोजे असतील तर त्याहून चांगलं. विळीखाली जुना कागद पसर. साल पातळ काढायची नाही, चांगली जाड काढायची, गुलाबी-तपकिरी कड दिसेनाशी होईपर्यंत. खाचांमध्ये माती अडकलेली असते, ती साल-गरासकट कापून टाक. फोडी करून झाल्या की लगेच चिंचेच्या कोळाच्या पाण्यात किंवा आमसुलं कुस्करलेल्या पाण्यात टाक आणि अर्धा तास राहू दे. एवढं होईपर्यंत डोळ्याला, ओठाला, मुलाच्या गालाला हात लावायचा नाही. हात खाजलेच तर आधी चिंच नाहीतर लिंबू चोळ, मग धू. काम झाल्यावर विळी आणि फळीही आंबटाने पुसून घे, नाहीतर दुसऱ्या दिवशी काकडी चिरणारीचे हात खाजतील.

ही खाज येते कुठून? सुरण अळूच्या कुळातला. या कुळातल्या झाडांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सुयांसारखे, जुड्या बांधून ठेवलेले. पेशी फुटली की त्या सुया कातडीत, जिभेत, घशात रुततात. झाडाने ही तजवीज स्वतःला कुणी खाऊ नये म्हणून केलेली आहे. नुसत्या सुयांनी एवढी आग होत नाही, त्यांच्या जोडीला प्रथिनं तोडणारा एक चावरा अंश असतो आणि सुईने केलेल्या भोकातून तो आत शिरतो, असं अभ्यासक मानतात. म्हणूनच अर्धाकच्चा सुरण त्रास देतो आणि पूर्ण शिजलेला देत नाही. सुया उकळल्या म्हणून विरघळत नाहीत, पण तो चावरा अंश आचेने मोडतो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल असो की आमसुलातलं आंबट, आंबट आणि आच या दोघांच्या जोडीशिवाय सुरण करायचा नाही, हा पहिला मंत्र.

दुसरा मंत्र पाण्याचा. सुरणातलं काही ऑक्झलेट पाण्यात न विरघळणारं, सुयांच्या रूपातलं असतं आणि काही विरघळणारं असतं. विरघळणारं जे असतं तेच आतड्यातून रक्तात जातं आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचतं. फोडी लहान करून भरपूर पाण्यात उकळल्या आणि ते पाणी ओतून दिलं तर यातला मोठा भाग निघून जातो. हल्ली कुकरमध्ये दोन चमचे पाणी घालून शिट्ट्या काढतात, किंवा जीवनसत्त्वं जातील म्हणून उकडलेलं पाणी आमटीत घालतात. बाकीच्या भाज्यांच्या बाबतीत ते बरोबर असेल, सुरणाच्या बाबतीत मुळीच नाही. उघड्या पातेल्यात, मीठ आणि आमसूल घालून उकळ, रोवळीत निथळ, पाणी मोरीत ओत.

आणि तिसरं म्हणजे ताटात सुरण असेल तेव्हा शेजारी ताक, दही किंवा कढी हवीच. दुधा-ताकातलं कॅल्शियम उरलेल्या ऑक्झलेटला पोटातच धरतं, मग ते रक्तात न जाता शौचावाटे बाहेर पडतं. सासूबाईंना कॅल्शियम शब्द माहीत नव्हता, पण सुरणाच्या दिवशी ताक घुसळल्याशिवाय त्या पान वाढत नसत.

आता गुणाकडे वळते. शंभर ग्रॅम सुरणात साधारण ८० कॅलरी, १८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि सव्वा ग्रॅम प्रथिनं असतात. स्निग्धांश जवळजवळ नाहीच. पोटॅशियम भरपूर, तंतुमय भाग चांगला, थोडं कॅल्शियम आणि फॉस्फरस. शिवाय फिनॉलिक द्रव्यं, फ्लॅव्होनॉइड, बीटा-सिटोस्टेरॉलसारखी वनस्पतिज स्टेरॉल, अशी बरीच मंडळी त्यात सापडतात. प्रयोगशाळेत सुरणाच्या अर्काने उंदरांची सूज उतरली, यकृताला आधार मिळाला, असे अभ्यास झालेले आहेत. ते वाचून आनंद होतो. पण अर्क वेगळा आणि भाजी वेगळी, उंदीर वेगळा आणि आपण वेगळे. त्या अभ्यासांवरून सुरण अमुक रोग बरा करतो असं कुणी सांगू लागलं तर त्याच्याकडून बाटली विकत घेऊ नकोस. सुरणाच्या कॅप्सूल आणि चूर्णं आता दुकानांत दिसतात. भाजीत जे मिळतं, जेवढं मिळतं, ते पुरेसं आहे.

मूळव्याधीसाठी मात्र सुरणाचं नाव फार जुनं आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात कंदभाज्यांमध्ये सुरणाला सर्वांत श्रेष्ठ म्हटलं आहे आणि मूळव्याधीवर त्याची खास शिफारस आहे. शार्ङ्गधर संहितेतला सूरणवटक वैद्य आजही देतात. यातली जी गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात उपयोगी पडते ती साधी आहे. मूळव्याध बहुतेक वेळा कुंथण्याने वाढते, कुंथणं बद्धकोष्ठाने होतं, आणि तंतुमय भाजी, ताक, पुरेसं पाणी यांनी पोट साफ होतं. आठवड्यातून एकदा-दोनदा उकडलेल्या सुरणाची, कमी तिखटाची, कमी तेलाची भाजी आणि वाटीभर ताक, एवढं पुरे. त्याच भावप्रकाशात पुढे असंही सांगितलंय की रक्तपित्त (अंगातून रक्त जाण्याचा विकार), नायटा आणि कुष्ठासारखे त्वचेचे विकार असणाऱ्यांना सुरण हितकर नाही. हे कुणी सांगत नाही, सगळे पहिली ओळच सांगतात. तेव्हा शौचातून रक्त जात असेल तर सुरण शिजवत बसू नकोस, डॉक्टरांकडे जा. वय झालेल्या माणसाचं रक्त जात असेल तर मूळव्याधच असेल असं घरात ठरवून टाकणं फार महागात पडतं.

मधुमेह असणाऱ्यांना सुरण बटाट्यापेक्षा बरा, असं म्हणतात. तंतू जास्त असल्याने साखर सावकाश चढते, आणि उकडून गार केलेल्या कोणत्याही कंदातला थोडा पिष्टांश आतड्यात न पचता पुढे जातो, तोही चांगलाच. पण कर्बोदकं असतातच, हे विसरायचं नाही. सुरणाची वाटी घेतली तर एक पोळी कमी खायची. पोळी, भात आणि वर तळलेले काप खाऊन सुरणाच्या नावाने साखर उतरायची वाट बघायची, हे चालायचं नाही.

सुरणाच्याच वंशातला कोंजॅक जपानमध्ये खातात. त्याच्या पिठात ग्लुकोमॅनन नावाचा तंतू खूप असतो, तो पाणी शोषून फुगतो आणि पोट भरल्यासारखं वाटतं. वजन उतरवायची म्हणून ती पावडर आपल्याकडेही मिळते. कमी पाण्याबरोबर घेतली तर ती घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते, हे लक्षात ठेव. आणि कोंजॅकचे सगळे गुण आपल्या सुरणाला चिकटवू नकोस.

कुणी खाऊ नये, तेही सांगून ठेवते. ज्याला कॅल्शियम ऑक्झलेटचा मुतखडा होऊन गेला आहे त्याने सुरण टाळावा, किंवा डॉक्टरांना विचारून, उकळून पाणी टाकून, ताकाबरोबर चार फोडी खाव्यात. मूत्रपिंड थकलेल्या माणसाला पोटॅशियम बाधतं, त्यालाही विचारूनच. तान्ह्या मुलाला देऊ नये. भाजी खाताना कुणाचा घसा खवखवला तर आमसुलाचं सार किंवा ताक प्यायला दे. पण ओठ-जीभ सुजू लागली, श्वासाला त्रास झाला, तर घरगुती उपाय करत वेळ घालवायचा नाही, तडक दवाखाना गाठायचा.

रानातल्या भाज्या आणि कंदांबद्दल एक कडक सूचना. पावसाच्या तोंडावर ठाणे-रायगडाकडे शेवळं ही रानभाजी येते, ती सुरणाच्याच जातकुळीतली. तिथल्या बायका ती काकडाच्या आंबट फळांबरोबरच शिजवतात, काकडाशिवाय नाही. आदिवासी बाया शेवळं विकायला बसतात तेव्हा काकडंही शेजारी ठेवतात, दोन्ही एकत्र घ्यायची आणि करायची रीत त्यांनाच विचारायची. कडू कंद तर त्या लोकांनीच खावेत, ज्यांना चकत्या करून राखेत उकळायचं आणि वाहत्या पाण्यात ठेवायचं ज्ञान आहे. काही कंदांत खरोखर विष असतं. फोनवरचा फोटो बघून रानातून काही उपटून आणायचं नाही.

कापाची कृती दिल्याशिवाय हे पुरं व्हायचं नाही, कारण तुझी मुलं सुरण खातील ती कापांमुळेच. अर्धं बोट जाडीचे काप कर. आमसूल-मिठाच्या पाण्यात उकळ, सुरी सहज आत जाईल पण काप मोडणार नाही इतपत. फडक्यावर पसरून पाणी पूर्ण सुकू दे. मग हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ चोळून थोडा वेळ मुरू दे. आगळात मीठ असतंच, त्या हिशेबाने मीठ घाल. जाड रव्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळून त्यात काप दाबून घोळव आणि लोखंडी तव्यावर थोड्या तेलात मंद आचेवर दोन्ही बाजूंनी होऊ दे. आच मोठी ठेवलीस तर रवा करपतो आणि आत कच्चट राहतो, आणि कच्चट राहिला की खाज आलीच. पहिला काप तू स्वतः खाऊन बघ, मगच मुलांना वाढ. ऋषिपंचमीच्या भाजीत सुरण घालशील तेव्हाही हेच: आधी वेगळा उकळून, पाणी टाकून, मग बाकीच्या भाज्यांत मिसळ.

राहता राहिला डोळा. गड्ड्याच्या मधला कोंबाचा भाग भाजीत घालायचा नाही आणि फेकायचाही नाही. त्याला लागून मूठभर गर ठेव, कापलेल्या बाजूला राख लाव आणि सावलीत सुकव. वळवाचे पाऊस सुरू व्हायच्या बेतात, एप्रिल-मे महिन्यात, परसात खड्डा करून शेणखत घालून पूर. परस नसेल तर गच्चीत मातीने भरलेलं गोणपाट चालतं, फक्त पाणी साठायला नको. छत्रीसारखं एकच मोठं पान येतं. आठ-नऊ महिन्यांनी, डिसेंबर-जानेवारीत ते पिवळं पडून आडवं झालं की खण. लहान तुकडा लावलास तर पहिल्या वर्षी गड्डा लहानच निघेल. तोच पुन्हा पुढच्या उन्हाळ्यात लाव. आमच्याकडे सुरण असाच तीन-चार वर्षं वाढवत मोठा करतात.