गिटारची दांडी

गेल्या वर्षी वसईकडच्या एका बॅन्डवाल्याकडून मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार अठराशे रुपयांना घेतली. तिचे धड शाबूत होते, आतल्या जोडण्याही ठीक होत्या. पण दांडी पार पिळवटलेली. दोन पावसाळे ती ओल्या भिंतीला टेकवून ठेवली होती, असे मागाहून कळले. नवी दांडी मुंबईत विकत मिळते, पण तिची किंमत गिटारच्या किमतीहून जास्त. तेव्हा ती आपणच का करू नये, असे मनात आले. आमचे घर सुताराचे. लाकूड आणि हत्यारे यांना तोटा नव्हता. तोटा होता तो परवानगीचा.

वडील माहीम-केळव्याच्या वाड्यांतून दारे-खिडक्या करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे दहावीनंतर त्यांनी मला रंध्याला हात लावू दिला नाही. "हात राखून ठेव, तुला लिहायचंय," एवढेच ते म्हणत. म्हणून पहिली दांडी मी ते कामावर गेल्यावर, मागच्या पडवीत, चोरून केली. ती का फसली हे सांगण्यासाठी आधी थोडा हिशेब सांगणे भाग आहे. कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये. मीही त्याच शाखेचा आहे.

दांडी बदलता येते ही गोष्ट रूढ झाली ती मुख्यतः एका माणसामुळे. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर हा वादक नव्हता, रेडिओ दुरुस्त करणारा होता. त्याच्या आधी चांगल्या गिटारची दांडी धडात सरसाने बसवीत. ती बिघडली की कारागिराकडे धाव घ्यावी लागे. फेंडरने १९५० साली बाजारात आणलेल्या गिटारची दांडी चार स्क्रूंनी आवळलेली होती. रेडिओतला बिघडलेला भाग काढून नवा बसवावा, तसाच हा विचार. माझ्यासारख्या नवशिक्याला धाडस झाले ते या चार स्क्रूंमुळेच.

आता पडद्यांचा हिशेब. दांडीच्या वरच्या टोकाला असलेली खाचांची पट्टी, जिला नट म्हणतात, तिथपासून घोडीपर्यंत तारेची जी लांबी मोकळी कंप पावते, ती माझ्या गिटारमध्ये ६४८ मिलिमीटर, म्हणजे साडेपंचवीस इंच. तार बरोबर मध्यावर दाबली की वरच्या सप्तकातला तोच स्वर निघतो. म्हणून बारावा पडदा ३२४ मिलिमीटरवर. मधले अकरा पडदे मात्र सारख्या अंतरावर नसतात. स्वर सारखे चढायचे तर प्रत्येक पायरीला उरलेली लांबी एकाच प्रमाणात घटली पाहिजे. बारा वेळा घटून ती निम्मी होईल असे हे प्रमाण शोधले, तर उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागावे लागते. पहिले घर ३६.३७ मिलिमीटरचे, दुसरे ३४.३३ चे, आणि पुढे ती आकसत जातात. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली हे स्वतः वादक. त्यांनी १५८१ सालच्या ग्रंथात ल्यूटसाठी अठराने भागण्याची सोपी रीत दिली आहे. माझ्या दांडीवर ती वापरली तर बारावा पडदा सुमारे अडीच मिलिमीटर अलीकडे येतो. एवढ्याने काय होते, असे आधी मला वाटले होते.

मी हिशेब अचूक केला, तीन वेळा तपासला. मग पहिला पडदा आखला, त्याच्यापासून मोजून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा. पट्टी साधी, पेन्सिल बोथट. दर घराला पाव मिलिमीटर जास्त गेले असेल. पण चूक एकाच बाजूला होत राहिली आणि बाराव्या पडद्यापर्यंत तीन मिलिमीटरची झाली. वर आणखी एक घोटाळा. पडद्याच्या धातूच्या तारेला खाली एक पातळ पाते असते, ते लाकडातल्या चिरेत घट्ट बसावे लागते. मी चिरा हॅकसॉने पाडल्या. त्या इतक्या रुंद झाल्या की पडदे हातानेच बाहेर येत. ते चिकटवले, दोन तारा चढवल्या आणि बाराव्या पडद्यावर तार छेडली. मग त्याच जागी तारेला नुसते हळूच बोट लावून छेडली. बोटाच्या स्पर्शाने निघणारा स्वर तारेचा स्वतःचा, तो चुकत नाही. दोन स्वर जुळेनात. घोडी मागेपुढे सरकवून बारावा जुळवला की पाचवा बिघडे.

त्याच संध्याकाळी वडील लवकर घरी आले. पडवीत भुसा पडलेला. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी दांडी उचलली, दिव्याकडे धरली, एक डोळा मिटून पाहिली आणि विचारले, "हे कशाचे गज?" मी समजावून सांगितले. ते म्हणाले, "खिडकीचे गज कसे आखतात? एकापासून एक मोजत गेलास तर शेवटचा गज चौकटीत बसेल का? सगळी मापं एकाच कडेपासून घ्यायची." पुढे मी कारागिरांनी लिहिलेले वाचले, तेव्हा हाच नियम पहिल्या पानावर सापडला : प्रत्येक पडदा नटपासून मोजा. तीन आठवडे मी ज्या गोष्टीसाठी पुस्तके चाळत होतो, ती आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून होती. मी विचारलेच नव्हते.

दुसरी दांडी आम्ही दोघांनी केली. लाकूड वाडीतल्या एका पाडलेल्या घराच्या चौकटीचे, जुने सागाचे. परदेशात यासाठी मेपल वापरतात; तो इथे कुठून आणायचा? वडिलांनी चार तुकड्यांतून एकच निवडला. गाठ नको, आणि रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावली पाहिजे. मध्येच बाजूला निसटलेली रेषा म्हणजे उद्याचा पीळ. तुकडा ताबडतोब कापायचा नाही, हेही त्यांनीच सांगितले. तो जाडाभरडा तासून घरात दोन महिने ठेवला, मग त्याला जे वाकायचे होते ते तो वाकला आणि त्यानंतर अखेरचा रंधा मारला. समुद्राची हवा अंगणापर्यंत येणाऱ्या माहीमसारख्या गावात ही पायरी गाळून चालणार नाही. वरची पट्टी शिसवीची. शिसव आपल्या पश्चिम घाटातली. जगभरच्या गिटारवर ती बसते, हे ऐकून वडिलांनी पहिल्यांदाच या कामात मनापासून रस घेतला. सागात तेल असते, म्हणून सरस लावण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसून घ्यावे लागतात.

सहा तारांचा मिळून ताण सुमारे पंचेचाळीस किलो, जवळजवळ तांदळाच्या गोणीएवढा. तो दांडीला सतत पुढे ओढतो. त्यावर उपाय म्हणून पट्टीखाली खोबण करून लोखंडी सळई ठेवतात आणि टोकाचा नट आवळून दांडी उलट दिशेला ताणतात. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना या सळईचे पेटंट १९२३ साली मिळाले. सळई आणि पडद्यांची तार एवढे दोनच जिन्नस आम्ही मुंबईहून मागवले.

मापांच्या बाबतीत आमची भाषाच जुळत नव्हती. मी म्हणे छत्तीस पूर्णांक सदतीस शतांश. वडील म्हणत एक इंच साडेतीन सूत, किंचित कमी. शेवटी मी नटपासूनची सगळी अंतरे कागदाच्या एका लांब पट्टीवर आखून दिली : पाचवा १६२.५५, सातवा २१५.५१, बारावा ३२४. ती पट्टी लाकडावर चिकटवून त्यांनी पेन्सिलीऐवजी पात्याच्या टोकाने खुणा केल्या. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, चिरेला नसते. चिरांसाठी त्यांनी हॅकसॉचे पाते घेऊन त्याचे दोन्ही बाजूंना फाकलेले दात सहाणेवर घासून सपाट केले. पाते मुळात पातळच असते. चीर रुंद होते ती दातांच्या फाकेमुळे. आधी टाकाऊ तुकड्यावर पाडून पाहिली, पडदा हातोडीच्या हलक्या ठोक्याने आत गेला आणि तिथेच राहिला. दांडीच्या पाठीची गोलाई मात्र त्यांनी मला करू दिली. कानस चालवायची, हात फिरवायचा, पुन्हा कानस. त्याला माप नाही.

इथे सतारीची आठवण होते. मिरजेला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. शिकलगार हे शस्त्रांना धार लावणारे. शस्त्रांचे काम आटले तेव्हा हात सतारीकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, वादक रागाप्रमाणे ते सरकवतो. म्हणजे कारागीर शेवटचा शब्द वादकावर सोडतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर १९१० साली ग्रंथ लिहिला, तो वाद याच मोकळ्या जागेतला. गिटारवर ती जागा नाही. एकदा चीर पाडली की तो स्वर कायमचा. त्यामुळे गिटार कुठल्याही सुरावटीत चालते, पण आपल्या कानाला काही स्वर जरा कोरडे वाटतात, असे आमच्या गावच्या भजनी बुवांचे मत आहे. मला ते पटते, तरी गिटार सोडवत नाही.

नवरात्राच्या आधल्या रविवारी सहाही तारा चढवल्या. बारावा पडदा जुळला. तिसऱ्यावर तार खरखरत होती. तिथला पडदा किंचित उंच राहिला होता, तो कानशीने उतरवला. वडील उंबऱ्यात उभे राहून ऐकत होते. गाण्यात त्यांना गती नाही, त्यांनी वाजवणे ऐकून घेतले, मग जवळ येऊन दांडीच्या पाठीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "इथं अजून थोडी घास. परीक्षा झाल्यावर."

फसलेली पहिली दांडी टाकून दिलेली नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला तिचा अडसर केला आहे. साग चांगला होता, वाया घालवायला वडील तयार नव्हते. तिच्यावरच्या बारा चुकलेल्या चिरा अजून दिसतात. आई त्यांत उदबत्ती खोचते.