बॅकअप होता, पण कपाटात होता!

एप्रिल महिना, शनिवारची रात्र. सोमवारी प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन. माझी रूम पार्टनर हॉस्टेलमधूनच लॅबच्या सर्व्हरवर लॉगिन करून जुन्या फाईल्स साफ करत बसली होती. तिला 'टेम्प'ने सुरू होणाऱ्या फाईल्स उडवायच्या होत्या. कमांड टाईप करताना टेम्प आणि स्टार यांच्यामध्ये चुकून एक स्पेस पडली. झालं! लिनक्सने त्या स्पेसचा सरळ अर्थ घेतला : टेम्प नावाची फाईल उडव, आणि शिवाय इथलं सगळंच उडव. लिनक्स फार आज्ञाधारक. "नक्की ना?" एवढंसुद्धा विचारलं नाही.

ब्लॅक बुकची चाळीस पानं गेली, कोड गेला आणि तीन आठवडे खपून घेतलेली सेन्सरची रीडिंग्ज गेली.

आता तुम्ही म्हणाल, बॅकअप नव्हता का? होता ना! लॅबच्या सर्व्हरचा बॅकअप दर शुक्रवारी रात्री एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर व्हायचा. म्हणजे फक्त एका दिवसाचं काम बुडणार होतं. पण ती डिस्क स्टाफरूमच्या कपाटात, कपाटाची किल्ली सरांकडे, आणि सर बहिणीच्या लग्नासाठी गावी. येणार बुधवारी. लग्नघरी फोन कसा करायचा, म्हणून तिने केला नाही. दोन रात्री जागून पानं पुन्हा टाईप केली, कोडचा जुना तुकडा माझ्या पेन ड्राइव्हवर सापडला. रीडिंग्ज मात्र मनाने लिहिता येत नाहीत. (म्हणजे येतात, पण तिने लिहिली नाहीत.) रिझल्ट्सचं पान कोरं ठेवून ती प्रेझेंटेशनला उभी राहिली आणि व्हायचे ते मार्क्स कमी झाले.

बुधवारी सर आले. कपाट उघडलं, डिस्क जोडली, दहा मिनिटांत सगळं परत! सरांनाच जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "अगं, फोन करायचा ना!" मग थोडं थांबून म्हणाले, "पण फोन करावा लागतो हेच चुकीचं आहे. कसं असायला हवं ते तुम्ही लिहून आणा." आम्ही लिहिलं. तो कागद म्हणजेच हा लेख.

आरटीओ, पण लायसन्सचं नव्हे

बॅकअपच्या विषयात दोन शब्द सारखे येतात. पहिला आरपीओ, म्हणजे रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह : किती वेळाचं काम बुडालेलं चालेल? दुसरा आरटीओ, म्हणजे रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह : परत मिळायला किती वेळ लागलेला चालेल? आपल्याला आरटीओ म्हटलं की लायसन्स काढायचं ऑफिस आठवतं. इथेही प्रश्न तोच आहे, काम किती दिवसांत होणार!

आमच्या लॅबचा आरपीओ जास्तीत जास्त एक आठवडा होता. आरटीओ मात्र कोणी ठरवलाच नव्हता. तो सरांच्या रजेवर अवलंबून होता. सेल्फ-सर्व्हिस बॅकअपचा सगळा मुद्दा इथे आहे. ज्याची फाईल, त्याने ती स्वतःच्या हाताने परत आणायची. अर्ज नको, किल्ली नको, फोन नको.

ही कल्पना नवीन मुळीच नाही. बेल लॅब्जच्या 'प्लॅन नाइन' ऑपरेटिंग सिस्टिममध्ये रोज फाईल सर्व्हरची प्रत एकदाच लिहिता येणाऱ्या ऑप्टिकल डिस्कवर जायची आणि तारखेच्या नावाच्या फोल्डरमध्ये कोणालाही दिसायची. तिथे 'यस्टरडे' नावाची कमांडच होती, कालची फाईल दाखवणारी! एमआयटीमध्ये १९८३ साली सुरू झालेल्या 'अथेना' प्रकल्पात पुढे प्रत्येक विद्यार्थ्याच्या होम फोल्डरमध्ये 'ओल्डफाइल्स' नावाचं फोल्डर मिळू लागलं. त्यात आदल्या रात्रीची स्थिती असायची. विंडोज सर्व्हर २००३ मधलं 'प्रीव्हियस व्हर्जन्स' आणि अ‍ॅपलचं २००७ सालचं 'टाइम मशीन' ही त्याच कुळातली.

स्नॅपशॉट म्हणजे काय?

सगळ्या फाईल्सची दर तासाला कॉपी करायची म्हटलं तर डिस्क पहिल्याच दिवशी भरेल. म्हणून आपण झेडएफएस ही फाईल सिस्टिम घेऊ. सन मायक्रोसिस्टिम्सने तिचा सोर्स कोड २००५ मध्ये खुला केला, आणि आज ती लिनक्सवर फुकट चालते. तिची पद्धत 'कॉपी ऑन राइट'.

आपल्या जर्नलचं उदाहरण घ्या. समजा, नियम असा की लिहिलेलं पान खोडायचं नाही. दुरुस्ती करायची तर ती नव्या पानावर लिहायची आणि अनुक्रमणिकेत पान नंबर बदलायचा. आता जुनी अनुक्रमणिका फाडून न टाकता जपून ठेवली, तर जुनं जर्नल जसंच्या तसं वाचता येईल ना? जपून ठेवलेली अनुक्रमणिका म्हणजे स्नॅपशॉट. म्हणून तो क्षणात होतो आणि घेताना जवळजवळ जागाच लागत नाही. पुढे जितकी पानं बदलतील तितकीच जागा खर्च होते.

झेडएफएसमध्ये हे स्नॅपशॉट एका लपलेल्या फोल्डरमध्ये असतात आणि ते फक्त वाचता येतात. तिथे जायचं, हवी ती वेळ निवडायची, फाईल कॉपी करून बाहेर आणायची. सर्व्हरवर साम्बा असेल तर त्याचं शॅडो कॉपीचं मॉड्यूल लावता येतं. मग विंडोजवाल्यांना फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मध्येच हे सगळं दिसतं. कमांडची भीती असणाऱ्यांचीही सोय झाली.

पॉलिसी : तीन फोल्डर

आम्ही प्रत्येकाच्या होममध्ये तीन फोल्डर केले आणि नावंही साधी ठेवली.

'कच्चं' : याचा स्नॅपशॉट नाही. डाउनलोड्स, कंपाइल होऊन तयार होणाऱ्या फाईल्स आणि (सरांनी हे वाक्य वाचू नये) पिक्चर इथे.

'रोजचं' : दर तासाला स्नॅपशॉट, शेवटचे २४ ठेवायचे. शिवाय रोजचा एक, असे १४.

'पक्कं' : वरचं सगळं, अधिक दर आठवड्याचा एक, असे २०. म्हणजे पूर्ण सेमिस्टर. ब्लॅक बुक, रीडिंग्ज, कोड इथे.

कोणती फाईल मोलाची हे सरांना कसं कळणार? ते ज्याचं त्यानेच ठरवायचं. फाईल ज्या फोल्डरमध्ये ठेवाल ती तुमची पॉलिसी. पण एक काळजी घेतली आहे. लॉगिन केल्यावर आपण थेट 'रोजचं'मध्ये उतरतो, 'कच्चं'मध्ये मुद्दाम जावं लागतं. म्हणजे जो विसरेल तोसुद्धा वाचेल.

जागेचं गणित करून बघा. समजा ६० विद्यार्थी आणि प्रत्येकाला 'कच्चं' सोडून ५ जीबी, म्हणजे ३०० जीबी. रोज २ टक्के डेटा बदलतो असं धरू, म्हणजे ६ जीबी. २० आठवड्यांचे १४० दिवस, गुणिले ६, झाले ८४० जीबी. एकूण ११४० जीबी. सगळ्यात वाईट धरूनसुद्धा २ टीबीच्या डिस्कमध्ये आरामात बसतं! प्रत्यक्षात कमीच लागेल, कारण आपण बहुतेक वेळा त्याच फाईलला पुन्हा पुन्हा हात लावतो.

हे वेळापत्रक हाताने पाळायचं नाही. 'सॅनॉइड' नावाचं एक फुकट टूल आहे. त्याच्या सेटिंग्जच्या फाईलमध्ये तासाचे २४, दिवसाचे १४, आठवड्याचे २० असं लिहून ठेवलं की नवे घेणं आणि जुने काढणं ते स्वतः करतं.

इथे आमची एक फजिती झाली, ती तुमची होऊ नये. झेडएफएसमध्ये कोटा दोन प्रकारचा असतो. साध्या कोट्यात स्नॅपशॉटची जागाही मोजली जाते. आम्ही तोच लावला. मग मुली फाईल्स डिलीट करतायत, तरी जागा मोकळी होत नाही! 'रेफकोटा' लावला तेव्हा प्रश्न सुटला. त्यात फक्त सध्याच्या फाईल्स मोजतात.

हक्क कोणाला?

सेल्फ-सर्व्हिस म्हणजे सगळ्यांना सगळं नव्हे. मेसमध्ये ताट आपलं आपण वाढून घेतो, म्हणून कोठीघराची किल्ली कोणी आपल्याला देत नाही.

बघायचा आणि परत आणायचा हक्क : प्रत्येकाला, आपापल्या फाईल्सपुरता. मोठा बदल करायच्या आधी मुद्दाम स्नॅपशॉट घ्यायचा हक्क : तोही प्रत्येकाला, फक्त संख्येला मर्यादा. स्नॅपशॉट पुसायचा हक्क : एकाही विद्यार्थ्याला नाही. झेडएफएसमध्ये हे हक्क वेगवेगळे देता येतात. शिवाय 'होल्ड' लावलेला स्नॅपशॉट होल्ड काढल्याशिवाय पुसलाच जात नाही.

एवढी कडक शिस्त कशाला? क्योटो विद्यापीठाचं उदाहरण ऐका. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सुपरकॉम्प्युटरच्या स्टोरेजवर बॅकअपची स्क्रिप्ट चालू होती. ती चालू असतानाच तिच्या जागी नवी स्क्रिप्ट ठेवली गेली. बॅश स्क्रिप्ट एकदम पूर्ण वाचत नाही, चालवत चालवत पुढे वाचतो. त्यामुळे तो मध्येच नव्या फाईलमध्ये शिरला, व्हेरिएबल्सना किंमतच नव्हती, आणि जुन्या लॉग फाईल्स पुसायची कमांड खऱ्या डेटावर चालली. सुमारे ७७ टीबी, ३ कोटी ४० लाख फाईल्स गेल्या. १४ संशोधन गटांना फटका बसला, त्यातल्या चौघांचा डेटा परत मिळालाच नाही. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हे.

प्रायव्हसीचा एक मुद्दाही लक्षात असू द्या. स्नॅपशॉटमध्ये फाईलच्या परमिशन्सही तेव्हाच्याच गोठतात. काल सगळ्यांना उघडी ठेवलेली पासवर्डची फाईल आज बंद केलीत, तरी कालच्या स्नॅपशॉटमध्ये ती उघडीच राहते. तेव्हा पासवर्डच बदला. आणि डेटाबेस असेल तर त्याचा वेगळा डंप 'पक्कं'मध्ये टाका. चालू डेटाबेसच्या फाईल्सच्या नुसत्या स्नॅपशॉटवर विसंबू नका.

दुसरं घर

स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतात. डिस्क मेली की तेही मेले. दोन डिस्क आरशासारख्या जोडल्या (रेड) तर एक मेली तरी चालतं, पण चुकून डिलीट केलेली फाईल आरशातूनही त्याच क्षणी जाते. म्हणून रेड म्हणजे बॅकअप नव्हे. हे व्हायवाला हमखास विचारतात!

जुना नियम ३-२-१ : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या 'जी-ड्राइव्ह'चा ८५८ टीबी डेटा गेला, कारण दुसरीकडे बॅकअप नव्हता. एवढ्या पुढारलेल्या देशात!

आमचं दुसरं घर म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमधला एक जुना पीसी. रोज रात्री फक्त बदललेला भाग तिकडे जातो. पण मुख्य सर्व्हर तो पाठवत नाही, जुना पीसी स्वतः येऊन घेऊन जातो. सर्व्हरकडे त्या पीसीचा पासवर्डच नाही. त्यामुळे कोणी सर्व्हर हॅक केला तरी दुसऱ्या घरात शिरता येत नाही. आणि ती कपाटातली डिस्क? ती अजून आहे. तीच आमची तिसरी प्रत.

तालीम

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनियरने चुकीच्या सर्व्हरवर कमांड दिली. सुमारे ३०० जीबीच्या डेटाबेसमधले साडेचार जीबी उरले. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण ऐनवेळी त्यांतली एकही नीट उपयोगी पडली नाही. रोजचा डंप टूलचं व्हर्जन जुनं असल्याने फेल होत होता, आणि फेल झाल्याचं सांगणाऱ्या ईमेल्सही नाकारल्या जात होत्या. शेवटी कोणीतरी सहा तास आधी टेस्टिंगसाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट कामी आला. त्यांनी हे सगळं जगाला उघडपणे सांगितलं, म्हणून आपल्याला शिकता आलं.

सेल्फ-सर्व्हिसचा इथे मला सगळ्यात मोठा फायदा दिसतो. कपाटातली डिस्क चालते की नाही हे वर्षातून एकदा कळतं. साठजण अधूनमधून आपापल्या फाईल्स परत आणत असतील तर बॅकअपची परीक्षा रोजच होत राहते. बिघडला तर त्याच दिवशी बोंब होते!

परवा मेसमध्ये चहा घेताना सेकंड इयरची एक मुलगी सहज म्हणाली, "अगं, काल माझी असाइनमेंट उडाली होती. परत घेतली." आणि पुन्हा बिस्किट बुडवायला लागली. माझी रूम पार्टनर तिच्याकडे बघतच राहिली. काही बोलली नाही, फक्त तिच्या पुढ्यातलं शेवटचं बिस्किट तिने उचललं.

तर मंडळी, आज रात्री एवढंच करा. कोणतीही एक फाईल घ्या आणि तिची कालची प्रत कोणालाही न विचारता परत आणून दाखवा. आणता आली, तर तुमच्याकडे बॅकअप आहे. नाही आली, तर सोमवारी लॅबमध्ये या. किल्ली लागणार नाही.