दुसरा मॉनिटर, पण मान एकच

2020 च्या टाळेबंदीत पुण्या-हैदराबादहून लॅपटॉप घेऊन घरी आलेली काही मुलं भिलाईतच राहिली आणि क्वार्टरच्या बैठकीचा एक कोपरा त्यांचं ऑफिस झाला. फॅब्रिकेशनवाल्यांची ड्रॉइंग घरून करून देणारे, जीएसटीची विवरणपत्रं भरणारे, शेअर बाजाराचा नाद लागलेले पोलाद प्लांटमधले निवृत्त कर्मचारी अशी त्यांच्या जोडीला इतरही मंडळी आहेत. मॉनिटर एक पुरे की दोन घ्यावेत, हा या सगळ्यांचा प्रश्न. तो खरेदीचा वाटतो म्हणून दुकानदाराला विचारला जातो. चुकलेल्या उत्तराची किंमत मात्र मान आणि डोळे मोजतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. घरी काम करणाऱ्या बहुतेकांना एकच मॉनिटर हवा, साधारण 24 इंची आणि बरोबर नाकासमोर. दुसरा आणायचाच असेल, तर त्याला दुय्यम जागा द्यायची तयारी हवी.

हे मत कुठून आलं, ते मोजपट्टी घेऊन बघा. 24 इंची मॉनिटरची रुंदी सुमारे 53 सेंटीमीटर भरते. डोळ्यांपासून स्क्रीनचं अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं, म्हणजे 60 सेंटीमीटरच्या आसपास धरू. डोळे दोन्ही बाजूंना साधारण 15 अंशांपर्यंत आरामात फिरतात. त्यापलीकडचं बघायला मेंदू मानेला कामाला लावतो. स्क्रीन समोरच्या रेषेपासून 35 अंशांहून जास्त बाजूला नसावी, असं अमेरिकेतली ‘ओशा’ ही कामगार-सुरक्षेची सरकारी संस्था सांगते. आता एक मॉनिटर समोर आणि तेवढाच दुसरा त्याला चिकटून उजवीकडे ठेवला, तर दुसऱ्याचा मध्य 41 अंशांवर जातो. मर्यादा तिथेच ओलांडली. ‘मग दोघांच्या मधोमध बसतो’ असं कुणी म्हणेल. तसं बसल्यावर दोन्ही मध्य 24-24 अंशांवर येतात, हे खरं. पण दोन्ही स्क्रीन सारख्याच वापरणारे फार थोडे. टाइप करायचं ते एकीवर, दुसरीवर मेल नाहीतर व्हॉट्सॲप. म्हणजे नाक फटीकडे, काम डावीकडे आणि मान दिवसभर एकाच बाजूला वळलेली. त्यात आपल्या घरांतली टेबलं मुलांच्या अभ्यासासाठी केलेली, जेमतेम दीड फूट खोल. मॉनिटरचा स्टँड त्यातली वीत-दीड वीत खातो, चेहरा 45 सेंटीमीटरवर येतो आणि बाजूच्या स्क्रीनचा कोन 50 अंशांच्या घरात जातो.

यावर एक आक्षेप हमखास येतो: मान इकडून तिकडे फिरली तर तो व्यायामच झाला ना? स्नायूला हालचाल हवी असते, हे मान्यच. हालचालीने रक्तपुरवठा वाढतो, आखडलेपणा जातो. पण स्क्रीनसमोर होते ती हालचाल नव्हे. मान वळते आणि वळलेल्या जागी थांबते. तेवढा वेळ एका अंगाचे स्नायू आकुंचन पावलेले आणि दुसऱ्या अंगाचे ताणलेले राहतात. आकुंचित स्नायूत रक्त नीट फिरत नाही, तो थकतो आणि संध्याकाळी मानेपासून खांद्याच्या पात्यापर्यंत एकच बाजू धरते. मान धरल्याची तक्रार कायम एकाच बाजूची असेल, तर औषधाआधी स्क्रीन कुठे आहे ते पाहावं. फिरत्या खुर्चीचा उपायही अर्धाच, कारण कीबोर्ड जागचा हलत नाही. खुर्ची वळते, हात मागे राहतात, आणि मानेचा पीळ कमरेत उतरतो.

दुसरा आक्षेप कामाच्या वेगाचा, आणि तो पोकळ नाही. जास्त जागा मिळाली की काम भरभर होतं, याला पुरावा आहे. पण तो पुरावा दोन स्क्रीनच्या बाजूने आहे की मोठ्या स्क्रीनच्या? 2008 मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात यावर अभ्यास झाला, तोही एनईसी या मॉनिटर बनवणाऱ्या कंपनीच्या पैशावर. 18 इंची स्क्रीनच्या तुलनेत दोन 20 इंची स्क्रीनवाल्यांनी काम झपाट्याने उरकलं, पण एकच रुंद 24 इंची स्क्रीन मिळालेले त्यांच्याही मागे पडले नाहीत. 26 इंचीवर गेल्यावर मात्र वेग पुन्हा घसरला. दोन मॉनिटर विकण्यात ज्याचं हित, त्याच्याच अभ्यासातून असं निघावं, म्हणून मला तो बोलका वाटतो. तरी ड्रॉइंगच्या कामाला आज 27 इंची घ्यायला हरकत नाही. चौतीस इंची वक्र स्क्रीन घेण्याआधी मात्र तिच्या कडा कुठवर जातात, ते टेबलावर खडूने आखून बघावं.

भिलाईत तिसरा आक्षेप ऐकू येणारच. प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये ओळीने स्क्रीन असतात, त्या ऑपरेटरांचं काय? तिथलं काम नजर ठेवण्याचं असतं. रेल मिलच्या पल्पिटात, म्हणजे तिथल्या कंट्रोल केबिनमध्ये, बसलेला माणूस तापमान आणि वेगाचे मोठाले आकडे बघतो, काही बदललं तर तिकडे वळतो आणि पुन्हा समोर येतो. स्क्रीन दूर असतात, शिफ्ट बदलते, आणि अशा खोल्यांच्या रचनेसाठी ‘आयएसओ 11064’ हे वेगळं मानकच आहे. घरी बसून एक्सेलचे बारीक आकडे तासन्‌तास वाचणाऱ्याने त्या ओळीची नक्कल करण्यात अर्थ नाही.

प्रत्यक्षात घराघरांत दिसते ती जोडी मात्र दोन मॉनिटरांची नसतेच. कंपनीचा लॅपटॉप टेबलावर उघडा आणि शेजारी एक मॉनिटर. दुसरी स्क्रीन फुकटात पडली, असं वाटतं. या जोडीत मान आडवी तर वळतेच, शिवाय खालीही वाकते. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी 2014 मध्ये संगणकी प्रारूपावरून हिशेब मांडला होता: ताठ असताना पाचेक किलोचं डोकं 30 अंश पुढे झुकलं की मानेवरचा भार सुमारे 18 किलोंवर जातो. हे प्रारूप आहे, कुणा रुग्णाच्या मानेत मोजलेला आकडा नव्हे. पण दिशा बरोबर आहे. म्हणून मॉनिटर जोडल्यावर लॅपटॉपचं झाकण लावावं आणि कीबोर्ड-माउस वेगळे घ्यावेत. मे महिन्यात बंद लॅपटॉप तापतो ही भीती रास्त आहे. तसं होत असेल तर तो उभ्या स्टँडमध्ये किंवा बाजूला उंचावर ठेवावा, पण त्याच्यावर वाचू नये. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. स्क्रीन उंच असली की पापण्या जास्त उघडतात आणि डोळ्यातला ओलावा लवकर उडतो. स्क्रीनकडे बघताना पापण्यांची उघडझाप आधीच मंदावते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट चेहऱ्यावर घेतला तर संध्याकाळी डोळे चुरचुरणारच. कूलर पाठीमागे किंवा पायांकडे वळवा, खिडकी बाजूला येईल असं टेबल लावा. एका स्क्रीनला हे जमतं. कोन करून लावलेल्या दोन स्क्रीनपैकी एखादीवर खिडकी चमकत राहते. (निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घालवू नका. 2023 च्या कॉक्रेन आढाव्यात त्याने डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं दिसलं नाही.)

तरीही दुसरी स्क्रीन काहींना खरोखर लागते. एका बाजूला ड्रॉइंग ठेवून दुसरीकडे साहित्याची यादी करणं, बिलं बघत खतावणी करणं, अनुवाद ताडून पाहणं, यांत स्क्रीनवरच्या खिडक्या उघड-मीट करण्यात वेळ जातो. त्यांनी दुसरा मॉनिटर उभा फिरवून लावावा. उभ्या 24 इंचीची रुंदी 30 सेंटीमीटरच राहते, त्यामुळे त्याचा मध्य 35 अंशांवर, मर्यादेच्या काठावर येतो. त्याच्या वरच्या पट्टीत कमी लागणारं ठेवावं, वाचायचा मजकूर मध्यात. महिन्या-दोन महिन्यांनी त्याची बाजू बदलावी. आपण या गटात मोडतो का, हे खरेदीआधी कळू शकतं: दिवसभराच्या कामात दोन गोष्टी एकाच वेळी डोळ्यांपुढे किती वेळा लागल्या, त्याची कागदावर खूण करत जा. मेल आणि क्रिकेटचा स्कोअर त्यात धरू नये. एक इशारा मात्र सगळ्यांसाठीच: हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल, शर्टाची बटणं लावायला बोटं चाचपडत असतील किंवा चालताना तोल जात असेल, तर मॉनिटरचा विचार सोडून भिलाईतल्या सेक्टर 9 च्या रुग्णालयात किंवा जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे लगेच जा.

पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्यांना तर दुसरी स्क्रीन आणखी महाग पडते. या भिंगात संगणकाच्या अंतराचा पट्टा मधोमध आणि अरुंद असतो, कडांना चित्र पुसट होतं. इतरांना नजर फिरवून भागतं तिथे यांना अख्खं डोकं वळवावं लागतं, आणि वाचायचा भाग भिंगाच्या तळाशी असल्याने हनुवटीही वर उचलावी लागते. त्यांनी एकच स्क्रीन ठेवावी आणि ती इतरांपेक्षा दोन-तीन बोटं खाली घ्यावी. चष्म्याचा नंबर काढायला जाताना डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजून कागदावर लिहून न्या आणि फक्त त्या अंतराचा वेगळा चष्मा करून मागा.